बासन

चुंबक लोखंडाला चिकटताना ‘टक्’ असा आवाज होतो, तो सगळ्यांच्या ओळखीचा. पण सुटतानाही एक आवाज होतो, हे मला अलीकडेच कळलं. तो फार लहान असतो, थोडा कुरकुरल्यासारखा, आणि खोलीतले सगळे गप्प असतील तरच ऐकू येतो.

त्या दिवशी खोलीतले सगळे गप्प होते. आमच्या डिझाइन विभागाचा तिमाही आढावा चालला होता. आम्ही पंप बनवतो. नव्या मालिकेचं वेळापत्रक पडद्यावर होतं, त्यातल्या निम्म्या पट्ट्या लाल झालेल्या, आणि अडीच तासांनी एसीचा गारवासुद्धा शिळा वाटायला लागला होता. विषयपत्रिकेत शेवटी ‘इतर’ असतं. त्या ‘इतर’मध्ये दोन वर्षांपूर्वी लागलेल्या एका मुलाला दहा मिनिटं दिली होती. त्यानं खिशातून काडेपेटीएवढा करडा डबा काढला, वाकून टेबलाच्या लोखंडी पायाला लावला. टक्. आत कंपनं मोजणारा एक सेन्सर, एक बोर्ड, एक छोटी बॅटरी. पंपाचं बेअरिंग ज्या कवचात बसतं त्या हाउसिंगवर चिकटवायचा आणि विसरून जायचं. बेअरिंग खराब व्हायला लागलं की ते गरम होण्याच्या कितीतरी आधी त्याची कंपनं बदलतात, ही काही नवी गोष्ट नाही. पण या मुलानं ते स्वतः, उरलेल्या वेळात, टाकाऊ सुट्या भागांतून केलं होतं. टेस्ट बेडवरच्या, म्हणजे चाचणीच्या चौथऱ्यावरच्या, तीन पंपांची रीडिंग्ज त्याच्याकडे होती. बोलताना त्याचा हात मधूनमधून टेबलाखाली त्या डब्याकडे जात होता, जागेवर आहे ना हे बघायला.

कुणीतरी विचारलं, चुंबकावर बसवलं तर वरच्या फ्रिक्वेन्सीचा भरवसा काय? प्रश्न बरोबर होता. त्यानं उत्तरही बरं दिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यावरच्या लाल पट्ट्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “छान केलंयस. पण आत्ता नको.”

तो “हो मॅडम” म्हणाला, वाकला, आणि तो आवाज आला.

आता हे लिहिताना मला स्वतःचा बचाव करायचा नाही, तरी एक सांगते, माझा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स समजणारी माणसं दोन, आणि ती दोघंही नव्या मालिकेच्या कंट्रोल पॅनलमध्ये गळ्यापर्यंत बुडालेली. आमचे निम्मे पंप अशा ठिकाणी जातात जिथे हवेत ज्वलनशील वायू असू शकतो. तिथे बॅटरीवरचं काहीही चिकटवायचं तर वेगळी चाचणी, वेगळं प्रमाणपत्र, आणि त्यात किती महिने जातात ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. शिवाय डबा आम्ही विकला तर त्यातून येणारी रीडिंग्ज वाचायची कुणी, आणि त्यानं इशारा दिला नाही आणि पंप बसला तर जबाबदारी कुणाची? तीन कारणं, तिन्ही भक्कम. त्यातलं एकही मी त्या खोलीत बोलले नाही. अडीच तास झाले होते.

आठ दिवसांनी सभेचं इतिवृत्त सहीसाठी आलं. त्याच्या विषयापुढे एकच शब्द होता: ‘स्थगित’. मी सही केली. पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि उगीचच जुनी इतिवृत्तं उघडून बसले. गेल्या काही वर्षांत माझ्या सहीखाली किती ‘स्थगित’ आहेत ते मोजायला लागले. आकडा चाळीसच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. संख्येचं मला काही वाटलं नाही. शंभर कल्पनांतल्या नव्वदांना नकार द्यावाच लागतो, तो माझ्या पगाराचाच भाग आहे. खटकलं ते असं, की त्यातल्या बहुतेकांना आपण नाही का म्हणालो होतो, हे मला आठवेना. कागदावर तर नव्हतंच. निर्णय तेवढा शिल्लक होता, कारण उडून गेलं होतं.

आणि त्यांतला एक विषय माझा होता.

म्हणजे मांडला दुसऱ्या कुणीतरी होता: पंपाच्या तीन आकारांना मिळून एकच बेअरिंग हाउसिंग करावं, ओतकामाचे पॅटर्न कमी होतील, सुटे भाग कमी ठेवावे लागतील. हेच्या हेच मी नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या तेव्हाच्या साहेबांपुढे ठेवलं होतं. ड्रॉइंग पेन्सिलीनं काढलेलं होतं, कडा खोडरबरानं मळलेल्या. ते म्हणाले होते, “कल्पना चांगली आहे, पण ही वेळ नाही.” त्या संध्याकाळी मी ते ड्रॉइंग गुंडाळून कपाटाच्या मागे टाकलं आणि पुढे सहा महिने कुठल्याही सभेत तोंड उघडलं नाही. त्यांच्याकडेही तीन भक्कम कारणं असतील. ती मला कधीच कळली नाहीत, म्हणून मी माझं एक कारण तयार केलं: मी नवीन आहे, बाई आहे, म्हणून. असेलही, नसेलही. आणि मग अनेक वर्षांनी तीच कल्पना माझ्यासमोर आली तेव्हा मी तिच्यावर ‘स्थगित’ लिहून मोकळी झाले. ओळखलीसुद्धा नाही.

आपल्या भाषेत नकाराला किती मऊ शब्द आहेत! विचाराधीन. पुढच्या टप्प्यात. योग्य वेळी. आता त्यात ‘रोडमॅपवर आहे’ आणि ‘पार्किंग लॉटमध्ये टाकू’ यांची भर पडली आहे, ते बोलायला आणखी गुळगुळीत. वर्षानुवर्षं चिघळलेल्या प्रश्नाला भिजत घोंगडं म्हणतात, आणि कायमचा बाजूला टाकला की तो बासनात गेला. पण बासन म्हणजे मुळात काय? पोथी किंवा दप्तर ज्या कापडात बांधून ठेवतात ते. धूळ लागू नये, वाळवी लागू नये, पुन्हा लागेल तेव्हा गाठ सोडून वाचता यावं म्हणून. बासनात गुंडाळलेली गोष्ट नष्ट होत नसते, उलट ती टिकावी म्हणूनच तर बांधलेली असते. आमच्या विभागात चाळिसाहून जास्त ‘स्थगित’ होते आणि बासन एकही नव्हतं.

फोटोची फिल्म विकणाऱ्या कोडॅकची गोष्ट या विषयावरच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात, आणि नेहमी एकाच सुरात. १९७५ साली स्टीव्ह सॅसन नावाच्या त्यांच्या तरुण इंजिनियरनं डिजिटल कॅमेरा जोडला. साडेतीन किलोच्या वर वजन, शंभर गुणिले शंभर बिंदूंचं कृष्णधवल चित्र, आणि ते कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. वरिष्ठांनी बघितलं आणि पुढे काही केलं नाही. २०१२ च्या जानेवारीत कंपनीनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. झालं, सभागृहात सगळे हळहळतात, वरिष्ठ कसे आंधळे होते म्हणतात, आणि जेवायला जातात. मी स्वतः त्या वरिष्ठांच्या खुर्चीत बसते म्हणून असेल, पण मला त्या गोष्टीतला दुसराच तपशील अडतो. सॅसनला त्यांनी विचारलं होतं, हे सामान्य ग्राहकाच्या हातात कधी येईल? चिप किती वेगानं सुधारतात याचा हिशेब करून तो म्हणाला होता, पंधरा ते वीस वर्षांत. अंदाज जवळपास बरोबर निघाला. म्हणजे १९७५ साली ‘आत्ता नको’ म्हणणं चुकीचं नव्हतंच. त्या तेवीस सेकंदांच्या खोक्याचं तेव्हा कुणी काय केलं असतं? आणि पुढे त्यांनी डिजिटलवर काम केलंच नाही असंही नाही, कॅमेरे काढले, पेटंटवर पैसाही मिळवला. पण त्या पहिल्या दिवशी नकाराबरोबर एक तारीखही खोलीत आली होती. ती तारीख कुणाच्या डायरीत गेली? पंधरा वर्षं ती सांभाळायची कुणी? खुर्चीतली माणसं तीन-चार वर्षांत बदलतात. मी बदलेन.

याच्या उलट बाजूनंही मी एकदा तोंडघशी पडले आहे. तेव्हा आमच्याकडे ‘फाइव्ह एस’ची मोहीम होती. जे लागत नाही ते काढा, जे आहे त्याची जागा ठरवा, रंगवा, लेबल लावा. टेस्ट बेडच्या साफसफाईची यादी माझ्याकडे होती. चाचणीची मोठी मोटर रंगवायला उचलली तेव्हा तिच्या डाव्या मागच्या पायाखालून एक पितळी पत्री निघाली, तेलानं काळी पडलेली, कोपरा दुमडलेला. ड्रॉइंगमध्ये ती नव्हती. मी ‘भंगार’ लिहिलं. मोटर परत बसवली, छान निळा रंग, आणि दुसऱ्या दिवसापासून बेड थरथरायला लागला. आम्ही कपलिंग बदललं. रोटर पुन्हा बॅलन्स केला. बेअरिंग बदलली. तीन आठवडे गेले. तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की ज्या फिटर काकांनी तो बेड वर्षानुवर्षं सांभाळला ते चार महिन्यांपूर्वीच निवृत्त झाले होते. शेवटी त्यांना बोलावलं. ते आले, चष्मा पुसला, मोटरच्या पायावर डायल गेज लावलं आणि एकेक बोल्ट ढिला करत गेले. डाव्या मागच्या पायाचा बोल्ट सुटला आणि काटा उडी मारून वर गेला. चारपैकी एक पाय टेकतच नव्हता. बोल्ट आवळला की सगळी मोटर पिळली जायची. याला सॉफ्ट फूट म्हणतात, पुस्तकात असतं, मी परीक्षेत लिहिलेलंही होतं.

“काका, तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?” मी विचारलं. आवाजात राग होता, आणि तो स्वतःवरचा होता हे मला तेव्हाही माहीत होतं.

“विचारलं कुणी, पोरी?” ते म्हणाले आणि नवी पत्री कापायला कात्री मागितली.

ही चूक फक्त माझ्यासारखीच करते असं समजण्याचं समाधानही नाही. अमेरिकेत अण्वस्त्रांसाठी ‘फॉगबँक’ या सांकेतिक नावाचा एक पदार्थ बनवत. १९८९ पर्यंत बनवला, मग कारखाना बंद केला. २००० च्या सुमारास जुन्या अस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा तो पुन्हा हवा झाला. नोंदी तुटपुंज्या, करणारे बहुतेक गेलेले. नवा कारखाना उभारला, जुनी कृती जमेल तशी जुळवली, आणि माल जमेना. बऱ्याच खटपटीनंतर उलगडलं की जुन्या प्रक्रियेत कच्च्या मालातून एक अशुद्धी आत यायची, आणि पदार्थाचा गुण तिच्यावर अवलंबून होता. नव्या, सुधारलेल्या शुद्धीकरणानं तीच काढून टाकली होती. मूळ कामगारांनाही तिचं महत्त्व माहीत नव्हतं. मला हे पहिल्यांदा वाचताना माझी पत्री आठवली, आणि क्षणभर बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं, कारण काकांना निदान माहीत तरी होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मग मी ठरवलं होतं की सगळं लिहून ठेवायचं. नव्या मॅनेजरना होतो तो ताप मलाही झाला. ‘आयडिया पोर्टल’ आलं. प्रत्येक कल्पनेला क्रमांक, मांडणाऱ्याला गुण, तिमाहीला बक्षीस. पहिल्या महिन्यात धो-धो कल्पना आल्या. त्यातल्या बऱ्याच पार्किंगला छप्पर घालण्याबद्दल होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या वाईट नव्हत्या. वर्षभरानं पोर्टलवर शेकड्यानं ‘विचाराधीन’ जमले, विचार मात्र कुणी करत नव्हतं. माणशी किती कल्पना याचा आलेख वरच्या मजल्यावर जायचा आणि तिथे तो आवडायचा. पुढे सर्व्हर बदलला तेव्हा जुना डेटा आणलाच नाही. कुणी तक्रार केली नाही. मीसुद्धा.

आणि लिहिलं म्हणजे वाचलं जातं, असंही नाही. ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानाच्या बूस्टरमधल्या रबरी ओ-रिंगबद्दल, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या कडीबद्दल, बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या रॉजर बोइजोली या इंजिनियरनं १९८५ च्या जुलैतच आपल्या कंपनीतल्या वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, माणसं जातील म्हणून. उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, इंजिनियरांनी थंडीत उडवू नका म्हणून सांगितलं. चर्चा थांबवून व्यवस्थापन वेगळं बसलं, आणि तिथे एका वरिष्ठानं दुसऱ्याला इंजिनियरची टोपी काढून मॅनेजरची घालायला सांगितलं. उत्तर बदललं. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं, सात माणसं गेली. मी ती चौकशी वाचताना प्रत्येक वेळी त्या टोपीपाशी अडते. आमच्या पंपांनी आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही, तुलना करायला मला लाज वाटते. पण ती टोपी मीही घालते. ती डोक्यावर असताना जड लागत नाही, हा तिचा दोष आहे.

मग टिकतं काय? ३एम या अमेरिकी कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हरला १९६८ मध्ये एक गोंद सापडला जो नीट चिकटतच नव्हता, चिकटायचा आणि अलगद निघायचा. गोंदाच्या धंद्यात याला अपयश म्हणतात. कंपनीला त्याचं काय करायचं ते कळेना. हा माणूस मात्र वर्षानुवर्षं कंपनीतल्या कंपनीत त्याच्याबद्दल बोलत फिरला. १९७४ मध्ये आर्ट फ्राय नावाच्या सहकाऱ्याला पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या घसरून पडतात याचा वैताग आला, आणि त्याला तो गोंद आठवला. ‘पोस्ट-इट’ चिठ्ठ्यांच्या त्या वह्या अमेरिकेत सगळीकडे विक्रीला यायला १९८० उजाडलं. बारा वर्षं. त्या बारा वर्षांत ती कल्पना कुठल्या पोर्टलमध्ये राहिली नाही, एका माणसाच्या तोंडात राहिली. ३एमकडे कर्मचाऱ्यांना पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कामासाठी द्यायची पद्धत आहे, तिचं कौतुक सगळे करतात. मला त्याहून जास्त नवल वाटतं ते या माणसाचं कंटाळवाणं बोलणं इतकी वर्षं कुणी बंद पाडलं नाही याचं.

आमच्याकडे कोण एवढा हट्टी आहे? मी तर सहा महिने गप्प बसले होते.

सोमवारी मी एक अर्धा कागद घेतला. पोर्टल नाही, फॉर्म नाही. वर त्या डब्याबद्दल दोन ओळी. खाली, का नाही: तीन कारणं, माणसं, प्रमाणपत्र, जबाबदारी. अगदी स्पष्ट, त्याला वाईट वाटेल का याचा विचार न करता. त्याखाली, काय बदललं तर पुन्हा उघडायचं. इथे मला वेळ लागला. नकार देणं सोपं, पण कुठल्या दिवशी आपला नकार चुकीचा ठरेल हे लिहायला बसलं की आपल्याला आपलंच कारण नीट माहीत नव्हतं हे कळतं. प्रमाणपत्राचं कारण फक्त निम्म्या पंपांना लागू होतं. स्वच्छ पाण्याच्या पंपांना ते लागूच नव्हतं. हे मला त्या खोलीत का सुचलं नाही? लाल पट्ट्या, अडीच तास. शेवटची ओळ होती तारखेची. ती कोरी ठेवली.

कागद घेऊन त्याच्या जागेवर गेले. तो मान खाली घालून कुठलंतरी फ्लँजचं ड्रॉइंग तपासत होता. त्याच्या मागच्या लोखंडी कपाटावर नव्या मालिकेचं वेळापत्रक लावलेलं होतं, लाल पट्ट्यांसकट. वरच्या कडेला मधोमध तो करडा डबा.

“हे काय रे?”

तो उठून उभा राहिला. जरा ओशाळला. “तोच मॅडम. आतला बोर्ड आणि बॅटरी पॅनलवाल्यांना दिली, त्यांना हवी होती. चुंबक चांगलं होतं, म्हणून...”

“आणि रीडिंग्ज?”

“ती आहेत. ती पुसली नाहीत.”

मी कागद दिला. त्यानं वाचला, मग पुन्हा वाचला. प्रमाणपत्राच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

“हे मला माहीतच नव्हतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्हाला आवडलं नाही.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या जुन्या साहेबांनीही बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “शेवटची ओळ कोरी आहे. पाण्याच्या पंपांपुरतं धरलं तर काय तारीख घालायची, ते तू सांग.”

त्यानं उत्तर दिलं नाही. कागद टेबलावर ठेवला, वळला, आणि डब्याला हात घातला. चुंबक चांगलंच होतं, लगेच सुटेना. मग तो आवाज आला. वेळापत्रक कपाटावरून घसरलं, ते त्यानं डाव्या हातानं वरच्यावर झेललं, आणि दोन्ही हात अडकलेला तसाच माझ्याकडे बघत राहिला.

“मॅडम, मग हे कशानं लावू?”